वरूडकर काका आणि सेलच्या बदल्या

वरूडकर काकांची आणि माझी पहिली भेट एका वापरलेल्या पेन्सिल सेलमुळे झाली. भोपाळच्या कोलार रोडवरच्या आमच्या या वसाहतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. खोक्यांच्या दोऱ्यासुद्धा सुटल्या नव्हत्या. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर समोर एक वयस्क गृहस्थ उभे. इस्त्रीचा शर्ट, चापूनचोपून बसवलेले पांढरे केस आणि उजव्या हाताच्या चिमटीत एक सेल. "मी खालच्या मजल्यावरचा वरूडकर," ते म्हणाले. "तुमच्याकडे भिंतीवरचं घड्याळ असेल ना जी? त्यात जागा रिकामी आहे काय?"

मी नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. तेव्हा त्यांनी खुलासा केला, "हा आधी आमच्या टॉर्चमध्ये होता. तिथून रिलीव्ह झाला, मग टीव्हीच्या रिमोटमध्ये गेला. आता तिथूनही मोकळा केला. पण घड्याळापुरता दम आहे त्याच्यात अजून. आमच्या घड्याळांत सध्या जागा नाही. घरी रिकामा बसून राहील तं वाया जाईल बिचारा." मी मुकाट्याने एका खोक्यातून घड्याळ शोधून काढलं. काकांनी स्वतःच्या हाताने सेल बसवला, घड्याळ कानाशी धरून टिकटिक ऐकली, "झाला रुजू" असं जाहीर केलं आणि जिना उतरून गेले. नवऱ्याने आतून विचारलं, कोण आलं होतं? मी म्हटलं, खालच्या काकांनी आपल्याकडे एकाची नेमणूक केली आहे.

काका मागच्या हिवाळ्यात गेले. सकाळचा चहा पिऊन, वर्तमानपत्राची घडी घालून ठेवून, कोणाला धावपळ करायला न लावता गेले. मला त्यांची फार आठवण येते. आठवण येते तेव्हा मी रडत वगैरे नाही, बहुतेक वेळा मला हसूच येतं, आणि काकांना ते चाललं असतं असं वाटतं.

काकांचे वडील फार पूर्वी नागपूरहून सरकारी कचेऱ्यांबरोबर भोपाळला आले. आधी कचेऱ्या हलल्या, मग कपाटं हलली आणि कपाटांच्या मागोमाग कारकून हलले, असं काका सांगायचे. मोठे झाल्यावर काका त्याच सरकारात चिकटले आणि सगळी नोकरी त्यांनी स्थापना शाखेत काढली. कोणाला कुठे नेमायचं, कोणाला कुठून उचलायचं, कोण रजेवर, कोण निवृत्त, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. तरुणपणी चार इमली भागातल्या साहेबांच्या बंगल्यांवर सह्यांसाठी फायली घेऊन जावं लागे, तेव्हाच्या तिथल्या बागांची आणि कुत्र्यांची वर्णनं ते फार रंगवून करत. हजारो लोकांच्या बदल्यांचे कागद त्यांच्या हाताखालून गेले, पण त्यांची स्वतःची भोपाळबाहेर बदली कधीच झाली नाही. "वाढणाऱ्याच्या ताटात कोण पाहते, बेटा?" असं ते यावर म्हणायचे आणि मिशीत हसायचे.

निवृत्तीनंतर त्यांनी घराची स्थापना शाखा केली. नवीन सेलचं पाकीट आणलं की पहिली नेमणूक टॉर्चमध्ये, कारण वीज गेल्यावर तिथे चालढकल चालत नाही. टॉर्चचा उजेड पिवळा पडू लागला की तिथला सेल रिमोटमध्ये. रिमोट हट्ट करू लागला की घड्याळात. घड्याळ मागे पडू लागलं की सन्मानाने निवृत्ती. सेलचंच कशाला, घरातल्या सगळ्या वस्तूंना हा नियम लागू होता. बैठकीतली खुर्ची बाल्कनीत आणि बाल्कनीतली न्हाणीघरात जायची. जुन्या टॉवेलचं पोछ्यात रूपांतर झालं, तर ते तुमच्या-माझ्या घरी गुपचूप होतं. काकांकडे त्याची जेवताना रीतसर घोषणा व्हायची. "आज त्याला खाली आणला," ते म्हणायचे. त्यावर कुमुदकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, शांतपणे विचारायच्या, "अहो, पण त्याला कार्यमुक्त कधी करणार? भोकं पडली आहेत त्याला."

काकांची वाक्यं ठरलेली असत. "रिकामं कोणी बसू नये, आणि चुकीच्या खुर्चीवर तं मुळीच बसू नये" हे एक. "अर्जंट असं जगात काही नसते, लोक उतावळे राहतात" हे दुसरं. आमच्याकडे चहा प्यायले की रिकामा कप टीपॉयवर ठेवून ते कधी उठले नाहीत. कप माझ्या हातात देत आणि म्हणत, "चार्ज घ्या." चार्ज दिल्याशिवाय माणसाने जागा सोडू नये, असा त्यांचा दंडक होता. पुढे पुढे आमच्या घरातही आम्ही कप-बशा याच शब्दांनी एकमेकांना देऊ लागलो.

काकू मूळच्या पुण्याच्या. लग्न होऊन इकडे आल्या आणि एका शाळेत गाणं शिकवू लागल्या. ताठ कणा, खणखणीत आवाज, आणि हिंदी असं शुद्ध की भाजीवालाही त्यांच्याशी जपून बोले. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांची नजर जाऊ लागली. कडेकडेचं धूसर दिसायचं, पण जिथे बघावं नेमकं तिथेच काळा डाग. समोरच्याचा चेहरा दिसत नसे, अक्षरं दिसत नसत. डॉक्टरांनी आहे तेवढं टिकवू म्हणून सांगितलं आणि काकूंनी ते ऐकून घेतलं. त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत. मला एकदाच म्हणाल्या, "अनुजा, न दिसण्याचं काही नाही गं. पण प्रत्येक गोष्ट मागावी लागते. मागितली की तिची चवच जाते."

संध्याकाळी दोघं फिरायला निघत तेव्हा मी कधीकधी त्यांच्या मागून चालत असे, केवळ काकांचं बोलणं ऐकायला. काकू त्यांच्या दंडाला धरून चालत आणि काका रस्त्याची टिप्पणी करत. "उजवीकडे पाणीपुरीवाला, गर्दी साधारण. पुढे नालीचं झाकण उघडं आहे, डावीकडे घे. समोर गाय बसून राहिली आहे, उठायचा विचार दिसत नाही." काकू विचारत, "कुठल्या रंगाची?" मग काका थांबून, नीट पाहून सांगत, "पांढरी. कानापाशी जरा तपकिरी." आणि ते एवढ्या जबाबदारीने सांगत की गाईलाही अवघडल्यासारखं व्हावं.

पण रस्त्यावर जमलेलं घरात जमत नव्हतं. काकूंचा जीव गाण्यात. पूर्वी त्या स्वतः टीव्हीवर, रेडिओवर हवं ते लावून ऐकत. आता काकांना सांगावं लागे, आणि काका म्हणजे सरकारी माणूस, खुलासा मागवल्याशिवाय पुढची कारवाई नाही. "शास्त्रीय लावू की नाट्यसंगीत? बाईचं की माणसाचं? आवाज इतका ठीक आहे? पंखा कमी करू काय?" काकांच्या मनात फक्त काळजी असे. पण चौथ्या प्रश्नापर्यंत काकूंची ऐकायची इच्छा उडून जाई. "राहू द्या," असं त्या म्हणायला लागल्या. मग तेही म्हणेनाशा झाल्या. दुपारी टीव्ही बंद, काकू सोफ्यावर हात मांडीवर ठेवून बसलेल्या. एकदा जिन्यात काका मला म्हणाले, "घर फार शांत होऊन राहिलं, बेटा. कुमुद काही मागतच नाही." इतका काळजीचा आवाज मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

ही शांतता मोडली ती त्यांच्या मुलीने, शुभदाने. ती पुण्याला असते. दिवाळीत आली तेव्हा येताना टीव्हीला मागून खोचायची, इंटरनेटवरची गाणी लावणारी ती काडी आणि तिचा छोटा रिमोट घेऊन आली. काका तिला आणायला रिक्षाने स्टेशनवर गेले होते. जाताना रिक्षावाल्याला "रानी कमलापति, मतलब हबीबगंज" अशी स्टेशनची नवी-जुनी दोन्ही नावं एका दमात सांगून गेले, म्हणजे गैरसमजाला जागा नको. शुभदाने काडी लावली, रिमोटवरचं एक बटण आईच्या बोटाखाली दिलं आणि म्हणाली, "हे दाबून धर आणि काय हवं ते हिंदीत बोल. तो लावतो." काकूंनी बटण दाबलं, क्षणभर विचार केला आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा स्वरात म्हणाल्या, "भीमपलासी सुनाइए. कृपया." आणि टीव्हीने सुनावली! काकूंच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे उमटलं ते पाहून शुभदा उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

काकांनी रिमोटला सध्या तात्पुरती नेमणूक असल्याचं सांगितलं, काम बघून कायम करू म्हणाले. पण त्याच संध्याकाळी काकूंच्या डबीतली एक मखमली टिकली काढून त्यांनी बोलायच्या बटणावर चिकटवली, म्हणजे काकूंना ते बोटाने सापडावं. मग सगळ्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी घालून दोन्हीकडून रबर लावले. टिकली पिशवीच्या आतून बोटाला लागते ना, हे काकूंकडून पुन्हा पुन्हा तपासून घेतलं.

नंतरचे दिवस फार छान होते. सकाळी भक्तिगीतं, दुपारी ख्याल, संध्याकाळी मालिका, आणि मधूनमधून काकूंचं "कृपया" आणि "धन्यवाद." मला वर ऐकू यायचं. काका तक्रार करायचे, "त्या यंत्राला धन्यवाद म्हणते. मला लग्नापासून एकदा नाही म्हटलं." काकू म्हणायच्या, "तो मला प्रश्न विचारत नाही." काकांना हे लागायचं का? थोडंसं लागत असावं. पण घर वाजतं झालं होतं आणि त्या आनंदापुढे त्यांनी स्वतःचा मुद्दा पुढे रेटला नाही.

मग एका सुट्टीच्या दुपारी मी त्यांची वाटी परत द्यायला खाली गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं तर काकू सोफ्यावर, हातात पिशवीतला रिमोट. त्यांनी टिकली दाबली आणि "मारवा सुनाइए, कृपया" म्हणाल्या. टीव्ही ढिम्म. पण त्यांच्या पाठीमागे, जेवणाच्या टेबलाशी, काका नाकावर चष्मा ओढून मोबाइलवर एका बोटाने काहीतरी टाइप करत होते. मला पाहून त्यांनी दचकून बोट ओठांवर ठेवलं. मग पुन्हा टाइप करायला लागले. बऱ्याच वेळाने टीव्हीवर मारवा सुरू झाला. "धन्यवाद," काकू म्हणाल्या. काकांनी मागच्या मागे मान झुकवून ते स्वीकारलं.

मी वाटी ठेवली आणि त्यांना खुणेने जिन्यात बोलावलं. "हे काय चाललंय काका?"

"रिमोट बंद पडला," ते कुजबुजले. "आधी थांबत थांबत चालला. मग लटकला. आता एकदम मौन. तळहातावर आपटला, उन्हात ठेवला, टीव्हीच्या नाकापाशी नेऊन पाहिला. शुभदाला फोन केला, तं तिने हे मोबाइलमध्ये टाकायला लावलं, याच्यावरून चालते म्हणाली."

"मग काकूंना सांगा ना तसं. त्या तुम्हाला सांगतील, तुम्ही लावाल."

काका माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू मी शाळेत नापास झाले आहे. "बेटा, ती सांगणार नाही. तू तिला ओळखत नाहीस काय? तिला कळलं की मागे मी आहे, तं ती 'राहू द्या' म्हणेल आणि टीव्ही बंद करून बसेल. पुन्हा तीच शांतता. नाही जी. रिमोट चालू आहे. तिच्यापुरता चालूच राहिला पाहिजे."

आणि काकांनी ती ड्युटी खरोखर केली. काकू जाग्या असेपर्यंत त्यांना घराबाहेर पडता येईना. काकूंचा दुपारी जरा डोळा लागला की ते पळत जाऊन भाजी आणत. रविवारी सकाळी कोपऱ्यावर उभ्याने पोहे-जलेबी खाण्याचा त्यांचा नेम मोडला, कारण काकूंची भक्तिगीतं त्याच वेळेला असत. मराठी मंडळाच्या बैठकीला, जिथे त्यांच्याशिवाय कामं वाटली जात नसत, त्यांनी तब्येतीचं कारण कळवलं. केस कानांवर आले, कारण न्हाव्याकडे जायला सवड नव्हती. चुकाही व्हायच्या. चष्मा सापडत नसे, एखादं अक्षर भलतीकडे पडे आणि मारव्याच्या जागी कोणाच्या तरी लग्नाचा बँड वाजू लागे. काकू टीव्हीकडे तोंड करून समजुतीने म्हणत, "असू दे. आज थकलेला दिसतो." काका मागे घाम पुसत.

मला ते बघवेना. मी बँकेत काम करते, यंत्रांशी माझी फार जवळीक नाही, पण रिमोट बंद पडण्याची काहीतरी साधी कारणं असणार एवढं मला कळत होतं. पुढच्या शनिवारी काकू झोपल्यावर मी खाली गेले आणि काकांसमोर टेबलाशी बसले. "सेल बघितलेत?" मी विचारलं.

"सेलचं काय पाहायचं? सेल मी स्वतः नेमले," काका जरा ताठ होत म्हणाले.

सेल हा त्यांचा प्रांत. मी तो विषय सोडला. टीव्हीमागची काडी काढून पुन्हा लावली. घराचं चित्र असलेलं बटण दाबून धरलं, कारण शुभदाने फोनवर तेच सांगितलं होतं. दिवा लुकलुकायला हवा होता. तो एकदा मिणमिणला आणि विझला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. पिशवीमुळे बटण नीट बसत नाही की काय म्हणून रबर काढले, पिशवी काढली. काका अस्वस्थपणे बघत होते, त्यांच्यासमोर मी कोणाचे तरी कपडे उतरवत असल्यासारखे. तरीही तेच. शेवटी मी त्यांची परवानगी न घेता मागचं झाकण सरकवलं.

आत दोन सेल होते. एक कोरा, चकचकीत. दुसरा जुनाट, अक्षरं पुसली गेलेला, टोकाशी किंचित पांढरी बुरशी आलेला.

"काका, हे काय?"

"काय म्हणजे? एक नवा आहे, एक अनुभवी आहे."

"अहो, पण दोन्ही नवे का नाही घातलेत?"

आता मात्र काकांनी चष्मा काढला. मी काहीतरी फार प्राथमिक गोष्ट विचारली होती. "नवा माणूस कधी एकटा टाकायचा नसतो, बेटा. दोन नवे तं एका टेबलावर मुळीच नाही. दोघंही धावतील आणि दोघंही पडतील. नव्याला जुन्याच्या हाताखाली बसवायचं. जुना दम राखायला शिकवते, नवा जोर लावते. म्हणून शाखा चालते. मी लागलो तेव्हा मला भार्गव बाबूंच्या शेजारी बसवलं होतं. त्यांच्यामुळे मी माणसात आलो."

मला हसू येत होतं आणि हसणं शक्य नव्हतं, कारण समोरचा माणूस मनापासून बोलत होता. मी म्हटलं, "काका, माणसांचं बरोबर आहे. पण सेलचं उलटं असतं. जुना नव्याला काही शिकवत नाही. तो नव्याचा जीव ओढून घेतो आणि दोघंही बसतात. टॉर्च-बिर्चचं एकवेळ चालेल. पण या रिमोटला काकूंचा आवाज टीव्हीपर्यंत पोहोचवायचा असतो. त्याला दोन्हीकडून पूर्ण जोर लागतो."

"म्हणजे जोडी मीच चुकीची लावली?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

काकांनी चष्मा शर्टाच्या टोकाने पुसला. मग त्या जुन्या सेलकडे बघून म्हणाले, "पण हा अजून निवृत्तीला आलेला नाही. घड्याळात दिवाळी काढेल." मला वाटलं, आता हे हटून बसणार. सबंध नोकरीतला सिद्धांत कोणी एका सेलसाठी सोडत नाही. पण आतल्या खोलीतून काकूंच्या बांगड्यांचा आवाज आला, त्या कूस बदलत होत्या. काकांनी तिकडे पाहिलं. मग उठले, कपाटातून नवं पाकीट काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन कोरे सेल एकत्र बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवले. "घाल," ते म्हणाले. "प्रशासकीय कारणास्तव."

सेल घातले, बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकला, लुकलुकत राहिला आणि टीव्हीवर रिमोट जोडल्याची हिंदी पाटी आली. काका ती पाटी मोठ्याने वाचणार तेवढ्यात त्यांनी स्वतःचंच तोंड दाबलं. मग घाईघाईने पिशवी चढवली, रबर लावले आणि रिमोट सोफ्यावर होता तसाच्या तसा ठेवला.

काकू उठल्या. भिंतीला हात लावत आल्या, सोफ्यावर बसल्या. मी एका बाजूला उभी होते, त्यांनी "कोण, अनुजा का?" विचारलं, मी हो म्हटलं. काका सवयीने मागे जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसले. मी खुणेने म्हटलं, आता गरज नाही. तरी त्यांनी चष्मा चढवला आणि मोबाइल हातात घेतलाच. दोन नव्यांवर त्यांचा काही भरवसा नव्हता.

काकूंनी टिकली दाबली. "पूरिया सुनाइए, कृपया." त्यांचा शब्द संपतो न संपतो तोच तानपुरा सुरू झाला. काकांचं बोट मोबाइलच्या वर तसंच राहिलं.

काकूंनी या वेळी धन्यवाद म्हटलं नाही. रिमोट मांडीवर ठेवला आणि मान किंचित मागे वळवली. "दुरुस्त झाला वाटतं," त्या म्हणाल्या. "मग आता मागे कशाला बसलात? पुढे या."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, मी काही सांगितलं नव्हतं. "तुला... माहीत होतं?" काकांनी विचारलं.

"यंत्र लावण्याआधी घसा खाकरत नाही," काकू म्हणाल्या. "आणि स्वतःशी 'मा कुठे गेला, मा' असं पुटपुटतही नाही."

"मग बोलली काहून नाहीस?"

काकूंनी रिमोटच्या पिशवीवरची सुरकुती बोटाने सपाट केली. मला वाटलं, माझ्यासमोर बोलणार नाहीत. मी दाराकडे निघाले, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "काय बोलू? तुम्ही इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकही प्रश्न न विचारता मला हवं ते आणून देत होता. मला मागितल्यासारखं वाटतच नव्हतं. मला वाटलं, चाललंय तोवर चालू दे."

काका उठले. कानांवर आलेले केस हाताने मागे सारले, शर्ट नीट केला आणि सोफ्याला वळसा घालून काकूंच्या शेजारी येऊन बसले, जरा अवघडून, पाहुण्यासारखे. काकूंनी गाणं थांबवलं. रिमोट पुन्हा हातात घेतला आणि विचारलं, "आता तुम्ही सांगा. तुमच्यासाठी काय लावू?"

या प्रश्नाची काकांनी तयारी केलेली नव्हती. सगळं आयुष्य त्यांनी लोकांना जागा नेमून दिल्या होत्या, आणि तुम्हाला काय पाहिजे हे त्यांना कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. ते छताकडे पाहू लागले, मग पंख्याकडे, मग माझ्याकडे. मला त्या क्षणी त्या दोघांचा फार हेवा वाटला.

"हेच राहू दे," ते अखेर म्हणाले. "फक्त आवाज वाढव. मागे बसून बसून इतके दिवस मला काही ऐकूच नाही आलं."

काकूंनी बोटाने चाचपून बटण शोधलं आणि काका बस म्हणेपर्यंत आवाज वाढवत नेला.